ओटीपोटाची थकबाकी



मागील लेखात ठेवींवरील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत दोन पत्रे अगदीच निराळ्या विषयाची निघाली. एका भगिनींनी विचारले होते, "चार किलो वजन उतरले, चेहरा आणि हात बारीक झाले, पण ओटीपोट जागचे हलत नाही. असे का व्हावे?" दुसरे पत्र एका निवृत्त शिक्षकांचे होते. रोज पहाटे पोटाचे व्यायाम करूनही पट्ट्याचे भोक बदलत नाही, ही त्यांची तक्रार. मी वाणिज्य शाखेचा मनुष्य आहे, वैद्य नव्हे, हे दोघांनाही ठाऊक आहे. तरीही त्यांनी मला लिहिले, कारण गेल्या पर्युषणात भेटलेल्या काही मंडळींना माझ्या पोटाची हकिकत कळली होती. तेव्हा या महिन्यात बँकेचे विषय बाजूस ठेवून तीच हकिकत सांगतो. तीत थोडा हिशेब आहेच.

माझे घराणे मूळचे सांगली जिल्ह्यातले. नोकरीच्या निमित्ताने मालवणला आलो आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलो. गेल्या वर्षी वैशाखात भाच्याचे लग्न होते म्हणून नवी पॅन्ट शिवायला बाजारपेठेतल्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो. "माप घ्यायला नको, कंबर छत्तीस. पंधरा वर्षे हाच आकडा आहे," असे मी काहीशा अभिमानाने म्हणालो. शिंपी माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "सायबानू, पोटार की पोटाखाली?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्याने टेप घेतली आणि मी पट्टा बांधतो तेथे, म्हणजे पोटाच्या खाली, लावून दाखवली. छत्तीस इंच. मग तीच टेप त्याने बेंबीच्या पातळीवर फिरवली. एक्केचाळीस इंच. पंधरा वर्षांत माझी कंबर वाढली नव्हती असे नाही. पॅन्ट हळूहळू खाली सरकली होती. पोट पुढे आले तसा पट्टा त्याच्याखाली उतरत गेला आणि आकडा तोच राहिला.

ज्याने छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ३१ मार्च जवळ आला की काही शाखा ताळेबंद सजवीत. चार दिवसांपुरत्या ठेवी आणायच्या, थकलेले कर्ज नवे करून दाखवायचे, आणि आकडे गोमटे करायचे. तपासणीस असताना अशी सजावट मी पुष्कळ वेळा पकडली होती. स्वतःच्या शरीराची सजावट मात्र एका शिंप्याने पकडून दिली.

हा प्रसंग मी हसण्यावारी नेला असता. परंतु घरी परतताना वडिलांची आठवण झाली. ते जाडे कधीच नव्हते. हातपाय सडसडीत, चेहरा निमुळता आणि मधोमध तेवढे गोल पोट. दुकानाच्या गादीवर बसून बसून असे होतेच, असे घरातले सगळे म्हणत. "लाला" म्हणून लोक कौतुकाने चिडवीत. पन्नाशीच्या आत त्यांना मधुमेह निघाला, पुढे पायाची जखम बरी होईना, आणि बासष्टाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या पोटाकडे आजाराची खूण म्हणून आमच्यापैकी कोणीही पाहिले नव्हते. शिंप्याच्या दुकानात उभा होतो तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. वडिलांना न लाभलेल्या वयात मी चाललो होतो, आणि आरशात पाहिले तर बांधा तोच होता.

भीती वाटली की मनुष्य शहाणपणाने वागतोच असे नाही. पहिल्या दोन महिन्यांत मी तीन चुका केल्या. पहिली, दूरदर्शनवरील जाहिरात पाहून घाम आणणारा एक पट्टा मागवला. साडेअठराशे रुपये गेले. पट्टा काढला की कंबर अर्धा इंच कमी भरे आणि तांब्याभर पाणी प्यायलो की पूर्ववत होई. घाम म्हणजे पाणी, चरबी नव्हे, हे एवढ्या पैशांत शिकलो. दुसरी चूक काढ्याची. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू-मध आणि वर कोणीतरी सांगितलेले चूर्ण. त्याने चरबी गेली नाही, आम्लपित्त मात्र आले. (मध आपल्या घरात वर्ज्य, तो मी औषधाच्या नावाखाली आणला, ही चूक वेगळीच.) तिसरी चूक सर्वांत महाग पडली. जमिनीवर उताणे निजून धड उचलण्याचा व्यायाम रोज शंभर वेळा करू लागलो. बाराव्या दिवशी कंबर धरली आणि तीन आठवडे अंथरुणावर गेले.

त्या दुखण्यासाठी कुडाळच्या एका डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी पाठीबरोबर रक्तही तपासले. उपाशीपोटीची साखर सीमेवर होती आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीए१सी ६.२ निघाला. ५.७ च्या खाली असला तर ठीक, ६.५ पासून मधुमेह. म्हणजे वडिलांच्या वाटेवर मी बराच पुढे गेलो होतो. डॉक्टरांनी मग जे समजावून सांगितले आणि पुढे मी जे वाचले, ते हिशेबनिसाच्या भाषेत मांडतो.

पोटाच्या चरबीची दोन खाती असतात. एक खाते कातडीखाली असते. चिमटीत धरता येते, बसले की वळी पडते, ती ही चरबी. दुसरे खाते आत असते, आतड्यांभोवती आणि यकृताच्या शेजारी. ती चिमटीत येत नाही. पोट आतून पुढे ढकलते आणि हाताला टणक लागते. आतल्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृतात मेद साठतो, इन्सुलिनचे काम मंदावते, साखर व रक्तदाब वाढतो. आपल्याला आरशात डाचते ते पहिले खाते. आपल्याला बुडवते ते दुसरे.

याचा एक ठळक पुरावा २००४ साली एका प्रसिद्ध अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरची कातडीखालची चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढली. सुमारे दहा-दहा किलो चरबी गेली. पोट दिसायला उतरले, परंतु इन्सुलिनचे काम, रक्तदाब आणि रक्तातील मेद यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जे खाते नडत होते त्याला कोणी हातच लावला नव्हता.

दुसरा पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे आणि माझ्या वडिलांच्या बांध्याचे कोडे मला त्यानेच उलगडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन या दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बी.एम.आय. दोघांचाही सारखाच, २२.३. तराजूच्या दृष्टीने दोघे सारखे. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. वजन तेच, आत माल निराळा. सडपातळ दिसणारा भारतीय मनुष्य आतून मेदयुक्त असू शकतो, हे सांगायला एवढे एक छायाचित्र पुरले.

याची सुरुवात फार आधी होते, असे याज्ञिक यांच्या चमूने दाखवले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याकडील बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या खात्यात स्नायूंची ठेव जन्मापासूनच थोडी आणि चरबीची शिल्लक जास्त. वडिलांच्या काड्यांसारख्या हातांचा आणि गोल पोटाचा संबंध असा होता.

म्हणूनच आपल्यासाठी कमरेच्या घेराची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा कमी ठेवली आहे. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर. माझा घेर होता १०४. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठिंब्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांचे पोट प्रमाणाबाहेर आढळले आणि मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांत गोव्यामध्ये सर्वाधिक, २६.४ टक्के, निघाले. गोवा आमच्या सिंधुदुर्गाला लागून आहे. भात, नारळ आणि दुपारची झोप ही दोन्हीकडे सारखीच.

आता दोन्ही पत्रलेखकांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ओटीपोटच का राहते?

जेथे व्यायाम करू तेथलीच चरबी जाईल, ही समजूत फार जुनी. १९७१ साली कॅलिफोर्नियात टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते. परंतु कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारख्याच जाडीची होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात तेरा पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ वेळा धड उचलण्याचा व्यायाम केला. त्यांच्या पोटातील, पाठीवरील आणि नितंबावरील चरबीच्या पेशी तपासल्या, तेव्हा पोटाला कसलीही खास सवलत मिळालेली दिसली नाही. स्नायू बळकट होतो. त्यावरचे पांघरूण शरीर आपल्या क्रमाने काढते.

तो क्रम आपल्या हाती नाही. चरबी सोडण्याचा निरोप शरीरभर सारखा पोहोचत असला, तरी सगळ्या जागच्या पेशी तो सारख्या तत्परतेने मानत नाहीत. पोटाच्या आतली चरबी तुलनेने लवकर हलते. पुरुषांचे ओटीपोट, स्त्रियांचे ओटीपोट, नितंब व मांड्या येथील कातडीखालच्या पेशी निरोप ऐकून न ऐकल्यासारखे करतात. बँकेत वसुलीची मोहीम निघाली की काही कर्जदार पहिल्या नोटिशीला पैसे भरतात आणि काही शेवटच्या दिवसापर्यंत दाद देत नाहीत. ओटीपोट हे दुसऱ्या वर्गातले. पण ते अजून आहे, म्हणून वसुली झालीच नाही असे म्हणता येत नाही. त्या भगिनींचे चार किलो उतरले, त्यांत आतल्या खात्यातली बरीच रक्कम वसूल झाली असण्याचा संभव आहे. आरसा त्यांना ते दाखवणार नाही, टेप दाखवील.

मी काय केले, ते आता सांगतो. प्रथम आहार.

आपण शाकाहारी आहोत, तेव्हा आपल्याला मेदाचे आजार कोठून होणार, अशी एक निश्चिंती आपल्या घरांतून असते. माझीही होती. मग एक आठवडा मी ताटातले सगळे वहीत लिहिले. सकाळी घावणे आणि त्याबरोबर नारळाचा गोड रस, दुपारी उकड्या तांदळाचा दोन वेळा घेतलेला भात, चारच्या चहाबरोबर फरसाण किंवा गुळाचे खाजे, जाता-येता मूठभर काजू. मूठभर काजूंत साधारण १७० उष्मांक असतात. माझ्या वजनाचा मनुष्य चाळीस मिनिटे चालला, तर जवळपास तेवढेच जळतात. म्हणजे सकाळचे चालणे मी अकरा वाजता डब्यापाशी उभा राहून परत करीत होतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक, आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७००. एवढे आकडे कळल्यावर कोणताही चमत्कारिक आहार घेण्याची इच्छा राहिली नाही. रोज थोडे थोडे कमी, पुष्कळ महिने, हाच मार्ग होता.

आणि तो मार्ग आपल्या घरात कधीचा पडून होता. बाह्य तपांत अनशनाच्या पाठोपाठ अवमौदर्य सांगितले आहे. त्यालाच आपण ऊनोदर म्हणतो. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास धरून त्याहून कमी घेणे, पोट थोडे ऊन ठेवणे. त्याचा हेतू कंबर बारीक करणे हा नाही, इंद्रियांवर ताबा मिळवणे हा आहे. ते विसरून मी तपाला मेदाच्या औषधाचे रूप देऊ इच्छित नाही. परंतु मला एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. मी अनशन करीत होतो आणि ऊनोदर करीत नव्हतो. अष्टमी-चतुर्दशीला उपवास, आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला शिरा, पुरी व श्रीखंड. चातुर्मासात रात्रिभोजनाचा त्याग, आणि सूर्यास्तापूर्वी "आता सकाळपर्यंत काही नाही" म्हणून ताट ओसंडून भरलेले. उपवासापेक्षा अर्ध्या भुकेने ताटावरून उठणे मला कितीतरी कठीण गेले. उपवास लोकांना दिसतो, त्याची अनुमोदना होते. शेवटचे चार घास सोडलेले कोणालाही दिसत नाहीत.

बदल एवढेच केले. भात एकाच वाटीने मोजून घ्यायचा आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही. ताटात आधी भाजी आणि कुळीथ, मूग किंवा चवळी यांपैकी एक; भात नंतर. कुळथाची पिठी येथे घरोघरी होते. आमच्याकडे लसणाविना होते आणि एरवीही चांगली लागते. कडधान्य वाढवण्याचे कारण असे की वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि आपल्याजवळ ती ठेव मुळातच थोडी. खाजे व फरसाण सणावारी. काजू मोजून पाच. संध्याकाळचे जेवण वर्षभर सूर्यास्तापूर्वी, आणि ताट दुपारपेक्षा लहान.

मग व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीचे चालणे किंवा तत्सम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. मी भरडावरून चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत आणि ओल्या वाळूवरून परत, असे रोज चाळीस मिनिटे चालू लागलो. पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा घराच्या पडवीतच फेऱ्या मारल्या. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे रमतगमत फिरणे. जेवणानंतर चढणारी साखर त्याने उतरते. स्नायूंसाठी व्यायामशाळेत गेलो नाही. हात न टेकता खुर्चीवरून पंधरा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून अंग पुढे-मागे नेणे, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन विहिरीपासून परसात जाणे. आमच्या माडांचे नारळ पाडायला येणारे गृहस्थ माझ्याच वयाचे आहेत आणि अजून सरसर माडावर चढतात; त्यांच्यापुढे माझ्या दोन बादल्यांचे कौतुक नाही, पण पाठीचे दुखणे पुन्हा आले नाही.

आता निकाल. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, पासबुक भरावे तशी, वहीत नोंद केली. पहिल्या महिन्यात घेर १०४ चा १०३. दुसऱ्या महिन्यात काहीच फरक नाही. दिवाळीत १०० वर येऊन परत १०१. त्या वेळी वही बंद करावीशी वाटली होती. आज चौदा महिन्यांनी घेर ९६ सेंटिमीटर आणि वजन ७४ वरून ६७ किलो आहे. एचबीए१सी ६.२ वरून ५.८ झाला. अजून मी सीमारेषेवरच आहे, परंतु तोंड परतीच्या दिशेला आहे. टणक लागणारे पोट मऊ झाले. आणि ओटीपोटावरची वळी? ती आहे. थोडी सैल पडली आहे, पण आहे. तिच्यासाठी आता मी वेगळे काहीही करीत नाही. तिची वसुली झाली तर उत्तम. नाही झाली तर ते कर्ज मी निर्लेखित केले आहे. मला ९० पर्यंत जायचे आहे, ते आतल्या खात्यासाठी.

भगिनींसाठी थोडे अधिक लिहायला हवे, कारण त्यांच्या ओटीपोटाची कारणे निराळीही असतात. माझ्या सौभाग्यवतींची दोन्ही बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली. पुढे पाळी थांबल्यावर पोट आणखी सुटले. नातेवाईक बायका सहज काहीतरी बोलत आणि ती हसून दाखवी. परंतु हळदीकुंकवाला जाताना ती पदर दोनदा सावरते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले होते आणि त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता. माझी वही पाहून एके दिवशी तिने स्वतःच टेप मागितली. फिजिओथेरपिस्टने तपासल्यावर कळले की पोटावरचे दोन उभे स्नायू बाळंतपणात एकमेकांपासून दूर गेले ते पुरते जवळ आलेच नव्हते. बेंबीजवळ मधल्या रेषेत दोन बोटे सहज आत जात. अशा पोटाला धड उचलण्याचे व्यायाम उलट अपाय करू शकतात. तिला श्वास सोडत पोट आत घेण्याचे सावकाश व्यायाम दिले. पाच-सहा महिन्यांत कंबर धरणे थांबले. पोट सपाट झालेले नाही. परंतु त्यात आपल्या आळसाचा दोष नाही हे कळल्यावर तिचा पदर सावरणे कमी झाले, असे मला वाटते.

एक सूचना मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावी. प्रत्येक पुढे आलेले पोट चरबीचे नसते. खोकताना एके जागी फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. हातपाय बारीक होत असताना पोट झपाट्याने वाढत असेल, ते ताणलेले राहत असेल, थोडे खाऊनही पोट भरत असेल, लघवीला वारंवार जावे लागत असेल किंवा पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव झाला असेल, तर टेप आणि वही बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावे. गर्भाशय, अंडाशय आणि यकृत यांचे आजार कित्येकदा "पोट सुटले आहे" या वाक्याआड लपतात. तसेच, मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास, एकाशन अथवा जेवणाच्या वेळांतील बदल डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत. साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. आणि सत्तरीपुढील मंडळींनी वजन घटवण्यापेक्षा बळ टिकवण्याकडे लक्ष द्यावे.

घेर मोजण्याची रीतही सांगतो, कारण येथेच सजावट होते. सकाळी, काही खाण्यापूर्वी, अंगावर कपडा न ठेवता मोजावे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप जमिनीला समांतर धरावी. श्वास सहज सोडावा आणि त्या क्षणी आकडा वाचावा. पोट आत ओढू नये. आकडे लक्षात राहत नसतील त्यांनी एवढेच पाहावे की घेर आपल्या उंचीच्या निम्म्याहून अधिक नाही ना. माझी उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे निम्मे ८४. तेथवर पोहोचायला बराच अवधी आहे.

गेल्या आठवड्यात जुन्या पॅन्टी घेऊन त्याच शिंप्याकडे गेलो. पट्टा आता पोटाखाली थांबत नाही, वर जागच्या जागी बसतो. त्यामुळे सगळ्याच पॅन्टींचे माप बदलावे लागणार होते. त्याने टेप लावली, वहीत लिहिले आणि हसला. मी डोकावून पाहिले. पंधरा वर्षे छत्तीस असलेल्या आकड्यापुढे त्याने अडतीस लिहिले होते. पोट कमी झाले आणि पॅन्टचा आकडा दोनने वाढला. मी त्याला म्हटले, हाच खरा आहे, असाच राहू दे.

चातुर्मास सुरू होतो आहे. पहिल्या तारखेची नोंद करायला याहून चांगला मुहूर्त नाही. पुढील महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींवरील करकपातीविषयी लिहीन. त्या संबंधीचे प्रश्न अवश्य पाठवावेत.

जय जिनेंद्र.